मी हुते तितं

निवृत्त माणूस अजून जिवंत आहे की नाही, अशी शंका सरकारला वर्षातून एकदा येते. साधारण नोव्हेंबरात येते. ती दूर करण्यासाठी पेन्शनरने एका छोट्या यंत्रावर अंगठा ठेवायचा असतो. ठसा जुळला की पुढचे बारा महिने तो हयात. भुकूमला आमच्या सोसायटीत पोहण्याचा तलाव आहे, व्यायामशाळा आहे, ध्यानासाठी वेगळी खोली आहे, पण हे यंत्र नाही. म्हणून मी पौडला, तहसील कचेरीसमोरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात गेलो. तिथे जैतूनताई मुलाणी मला पहिल्यांदा भेटल्या.

अंगठा तीनदा ठेवला. यंत्राने तीनदा लाल दिवा दाखवला.

“काका, मशीन म्हणतंय तुमी न्हाई,” त्या म्हणाल्या.

“मग हा कोण उभा आहे?”

“त्ये मशीनला कसं कळावं? दुसरं बोट द्या.”

ओल्या फडक्याने पुसून त्यांनी माझे एकेक बोट लावून पाहिले. जन्मभर कागद हाताळणाऱ्यांचे ठसे झिजतात, तलाठी आणि मास्तर यांच्या बाबतीत हा ताप नेहमीचाच, असे पुसता पुसता समजावूनही सांगितले. शेवटी डाव्या हाताच्या करंगळीच्या जोरावर मी जिवंत ठरलो. रांगेत मागे उभ्या असलेल्या एका आजोबांनी माझे अभिनंदन केले.

“कागदाचं काम म्हंजे कंच्या हापिसात हुता?”

मी पुण्यातल्या एका दैनिकाचे नाव सांगितले. एकतीस वर्षे उपसंपादक होतो, हेही सांगितले. हे ऐकून लोक सहसा राजकारणाबद्दल विचारतात, नाहीतर पुतण्याची कविता काढतात. जैतूनताईंनी यंत्र बाजूला सारले, हात पुसले आणि म्हणाल्या, “मंग मला एक सांगा. उपस्थित म्हंजे काय वो?”

प्रश्न तात्त्विक आहे असे वाटून मी सावध झालो. पण त्यांनी खणातून एका कात्रणाची झेरॉक्स काढून समोर ठेवली. शाळेच्या बक्षीस समारंभाची बातमी होती. एका प्रतिष्ठित व्यक्तीच्या हस्ते बक्षिसे वाटली गेली, असे त्यात म्हटले होते. खाली आठ-दहा नावे आणि शेवटी ‘आदी मान्यवर मोठ्या संख्येने उपस्थित होते.’

“ह्ये पहिलं नाव ज्यांचं हाय ना, त्येच आले हुते ह्ये कात्रण लॅमिनेट करायला. आन् त्ये तितं आलेच नव्हते. बक्षिसं शाळेच्या शिपाईबाईंनी वाटली. माझ्या पोरीला त्यांच्याच हातनं मिळालं. मी हुते तितं.”

“उपस्थित म्हणजे ज्यांची नावं निमंत्रणपत्रिकेवर असतात ते,” मी म्हणालो.

“आन् जी माणसं खरंच येतात ती?”

“ती आदी.”

त्यांनी थोडा विचार केला. “म्हंजे मी आदी.”

“हो. मोठ्या संख्येने.”

त्या हसल्या नाहीत. कात्रण खणात ठेवत म्हणाल्या, “लॅमिनेशन केलं की कायबी खरं दिसतंय, काका.” आणि मग, कागद संपलाय तो मागवायला हवा अशा सुरात, “मला वार्ताहर व्हायचंय.”

तेव्हा त्या चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. शिक्षण बी.ए.च्या पहिल्या वर्षापर्यंत, मग लग्न, मग हे दुकान. नवरा पिरंगुटला एका कारखान्यात. बायकोचा बेत ऐकून तो म्हणाला होता, “हो. घरात तरी खरी बातमी येईल.” एवढा पाठिंबा मला पत्रकारितेत कधी मिळाला नाही.

मी त्यांना परावृत्त करण्याचे माझे कर्तव्य केले. वर्तमानपत्रे पाने कमी करत आहेत, पदव्या घेतलेली मुले रिकामी बसली आहेत, तालुक्याच्या वार्ताहराला मिळतो तो फक्त मान आणि तोही नारळाबरोबर, असे सगळे सांगितले. त्या ऐकत होत्या आणि कुणाच्या तरी सातबाऱ्याच्या प्रती स्टेपल करत होत्या. माझे संपल्यावर म्हणाल्या, “व्हय, पण सुरवात कुटनं करायची?”

माणूस ऐकणारा नाही हे कळल्यावर माझी त्याच्याशी मैत्री होते. हा माझा जुना दोष आहे. त्यानंतर आठवड्यातून एकदा मी पौडला जाऊ लागलो आणि दुकानातल्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून, जिला माझी फारशी गरज नव्हती अशा एका विद्यार्थिनीला शिकवू लागलो.

त्यांची पद्धत त्यांनी स्वतःच तयार केली होती. कार्यक्रमाला गेल्या की त्या पुढच्या खुर्चीवर कधी बसत नसत. पुढे बसलं की फक्त पुढचं दिसतं, असे त्यांचे म्हणणे. त्या मागे, स्पीकरवाल्याच्या शेजारी उभ्या राहत. स्पीकरवाला सगळ्यांच्या आधी येतो आणि सगळ्यांच्या नंतर जातो, शिवाय त्याला भाषणात रस नसतो, त्यामुळे तो सगळ्यांत भरवशाचा साक्षीदार. टिपणासाठी वही नव्हती. दुकानात बिघडलेल्या झेरॉक्स असत, वाकड्या आलेल्या, अर्ध्याच उमटलेल्या. त्यांच्या कोऱ्या बाजूवर त्या लिहीत. त्यामुळे एखाद्या नेत्याच्या भाषणामागे कुणाचा तरी जातीचा दाखला असे आणि हळदीकुंकवाच्या मागे जमिनीचा नकाशा.

आणि एक कसोटी होती. कुणी म्हणाले, मी त्या कार्यक्रमाला होतो, की त्या शांतपणे विचारत, “जेवन काय हुतं?”

तालुक्यात एका दुसऱ्या पेपरचे एक ज्येष्ठ वार्ताहर होते. स्वतःच्या नावामागे ‘ज्येष्ठ’ हे ते स्वतःच लिहीत, दुसऱ्याला त्रास नको म्हणून. सगळ्या बातम्या घरी बसून, फोनवर आलेल्या मजकुरावरून देत. एकदा ते दुकानात आधार कार्डाची प्रत काढायला आले आणि भूगावच्या कुठल्याशा सत्काराला किती गर्दी होती, ते सांगू लागले.

“जेवन काय हुतं?” जैतूनताई म्हणाल्या.

“काय असणार? मसालेभात, जिलेबी.”

“भाकरी आन् मटकीची आमटी हुती. जिलेबी येणार हुती, ती टेम्पोत राहिली.”

ज्येष्ठांनी आधार कार्ड उचलले आणि गेले. त्यानंतर ते कार्यक्रमाला जायला लागले असे नाही, पण बातमी देण्याआधी आचाऱ्याला फोन करू लागले, असे जैतूनताई सांगत.

सुरुवात कुठून करायची, याचे उत्तर मला सापडण्याआधी त्यांनीच शोधले. बावधनला एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एक ‘चॅनेल’ होते आणि त्याला प्रतिनिधी हवे होते. मला बरोबर घेऊन गेल्या, कारण बाईमाणूस एकटी गेली की आधी ‘मॅडम, चहा’ होतो आणि काम राहते. आत काचेचे दार, लाल सोफा आणि मागे जगाचा नकाशा. मुख्य संपादक पंचविशीचे होते आणि सावलीत असूनही गॉगल डोक्यावर ठेवून बसले होते. त्यांनी ओळखपत्राचा नमुना दाखवला, टी-शर्ट दाखवला आणि मग मोठ्या गांभीर्याने माईक हातात दिला. माईकवर चॅनेलचे नाव लिहिलेला चौकोनी ठोकळा होता.

जैतूनताईंनी माईक उलटासुलटा पाहिला. त्यांचा उभा जन्म यंत्रांशी गेलेला. “ह्येची वायर कुटं जाते?”

“वायर नाही मॅडम. आवाज मोबाईलमध्येच रेकॉर्ड होतो.”

“मंग ह्यो कशाला?”

“माईक दिसला की लोक बोलतात.”

“आन् बातम्या काय देता तुमी?”

“सध्या आपण वाढदिवसांवर भर दिलाय,” संपादक म्हणाले. “तुम्ही तालुक्यातले महत्त्वाचे वाढदिवस आणायचे.”

जिन्याने खाली उतरताना त्या पहिल्या मजल्यावर म्हणाल्या, “पोरगं वाईट न्हाई. पण त्येला ठाऊकच न्हाई की आवाज कुटं जातो.” संपादकांचे व्हिजिटिंग कार्ड पुढे बरेच दिवस दुकानातल्या डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली उपयोगी पडले.

मग मात्र मी प्रसादला फोन केला. प्रसाद आमच्याकडे शिकाऊ म्हणून आला, तेव्हा त्याला मथळा कसा द्यावा ते मी शिकवले होते. आता तो जिल्हा आवृत्तीचा प्रमुख होता आणि मथळे कसे द्यावेत ते मलाच ऐकवत असे. मुळशीसाठी त्याला वार्ताहर नेमायचाच होता. दोन उमेदवार आधीच होते, एक मुलगा पत्रकारितेची पदविका घेतलेला आणि एक गृहस्थ, ज्यांच्या गाडीवर ‘प्रेस’ अशी पाटी नोकरी मिळण्याच्या आधीपासून होती. “ठीक आहे सर, तिसऱ्या तुमच्या बाई,” प्रसाद म्हणाला. “सहा आठवडे तिघांच्या बातम्या बघतो. मग एकाला पत्र.”

जैतूनताईंची पहिली बातमी एका ग्रामसभेची होती. ‘सभेला तेरा ग्रामस्थ आले. पैकी चार जण सावलीसाठी थांबल्याचे त्यांनी सांगितले.’ प्रसादने मला फोन करून ती वाचून दाखवली आणि बराच वेळ हसला. छापली मात्र जशीच्या तशी. चौथ्या आठवड्यापर्यंत पाटीवाल्या गृहस्थांच्या बातम्या येणे बंद झाले, कारण त्यांना गाडीतून उतरणे जमेना. पदविकेवाला मुलगा आणि जैतूनताई असे दोघे उरले.

मे महिना होता. पौडच्या पुढे डोंगराच्या अंगाला माळवाडी नावाची वस्ती आहे. तिथे नवी पाण्याची टाकी झाली होती आणि एका मोठ्या नेत्यांच्या हस्ते सकाळी अकराला उद्घाटन होते. कार्यक्रमाची बातमी प्रसादकडे सकाळी नऊलाच आली. नेत्यांच्या कचेरीने ती भूतकाळात लिहिली होती. टाळ्यांचा कडकडाट झाला होता, महिलांच्या डोळ्यांत आनंदाश्रू आले होते आणि पंचवीस मान्यवर व आदी उपस्थित होते. प्रसादने ती जैतूनताईंकडे पाठवली आणि कळवले, ‘फक्त फोटो काढा. मजकूर तयार आहे.’

त्या स्कूटरवरून दहा वाजताच पोचल्या होत्या. मांडव होता, पुढच्या खुर्च्यांना पांढरे टॉवेल होते, आणि नळाच्या व्हॉल्व्हला आडवी लाल फीत बांधलेली होती. अकराला पाणी सुटणार म्हणून बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या होत्या. साडेअकराला कळले की साहेब चांदणी चौकात अडकलेत. साडेबाराला कळले की साहेब निघालेत. एकाला पुन्हा कळले की निघालेत. टाकी आदल्या दिवसापासून काठोकाठ भरलेली होती आणि वरच्या पाइपातून पाण्याची बारीक धार गळताना सगळ्यांना दिसत होती.

दीडच्या सुमाराला पाणी सोडणारा भिकू उठला. वस्तीतली जुनी विहीरही तोच सांभाळायचा. त्याने फीत कापली नाही. गाठ सोडली, नीट घडी घालून खिशात ठेवली. “कापली तर परत कुटनं आणायची,” असे कुणाला तरी म्हणाला आणि व्हॉल्व्ह फिरवला. टाळ्या वाजल्या. तेवढे मात्र तयार मजकुरातले खरे निघाले.

जैतूनताईंकडे आता बातमी होती, पण हजर कोण ते हवे होते. ‘आदी’ हा शब्द त्यांनी वापरायचा नाही असे ठरवलेले. बायकांना नावे विचारावी, तर कुणी उत्तर द्यायच्या मनःस्थितीत नव्हती. पाणी आले होते, रांग मोडली होती, प्रत्येकीचा हंडा दुसरीच्या हंड्यावर आपटत होता. मग त्यांना सोपा मार्ग दिसला. प्रत्येक हंड्याच्या गळ्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेले होते. आपल्याकडे भांडे घेतले की दुकानातच नाव घालून घेतात, नाहीतर लग्नाच्या घरातून ते परत येत नाही. ताईंनी तीन बिघडलेल्या झेरॉक्सच्या मागे अडतीस नावे भराभर उतरवून घेतली आणि चार वाजेपर्यंत बातमी पाठवली.

पाच वाजता प्रसादचा मला फोन. “सर, तुमच्या बाईंनी उद्घाटन पाणी सोडणाऱ्याच्या हातून करवलंय.”

“मग कुणी केलं?”

“उद्या सगळ्या पेपरांत साहेबांनी केलेलं असणार.”

“आपल्याही?”

प्रसाद मग म्हणाला, “मी त्यांना म्हटलं, साहेब येऊन गेले एवढं एकच वाक्य टाका. तर म्हणाल्या, साहेबांना इचारा, जेवन काय हुतं.”

तेवढ्यात कुणीतरी प्रसादच्या टेबलावर दुसऱ्या तालुक्यातला फोटो आणून ठेवला. त्यात दुपारी दीड वाजता साहेब एका लग्नात जेवत होते. मागच्या भिंतीवर घड्याळही होते. जैतूनताईंची बातमी तशीच लागली, अडतीस नावांसकट. दुसऱ्या दिवशी बाकी सगळ्या पेपरांत साहेब माळवाडीत होते आणि फक्त आमच्यात नव्हते. साहेबांच्या कचेरीतून काही खुलासा आला नाही. प्रसाद खूश होता. “पक्कं समजा सर. सोमवारी पत्र काढतो.”

मी पेढे घेऊन पौडला गेलो. दुकानात पेढा तोंडात टाकत असतानाच धोंडिबा शेडगे आले. सत्तरीचे, डोक्यावर टोपी, काखेत पेपरची घडी. त्यांनी ती उलगडली आणि एका नावावर बोट ठेवले.

“ताई, ह्ये तुमी लिवलं?”

“व्हय आबा. काशीबाई धोंडिबा शेडगे. तुमच्या मालकीण का? हुत्या ना तितं.”

“तिला जाऊन नऊ वर्सं झाली.”

ताईंनी पेपर जवळ ओढला.

“हंडा तिचा,” आबा म्हणाले. “सून घिऊन आली हुती.”

जैतूनताईंनी ते नाव पुन्हा वाचले. त्यांचा चेहरा मी त्याआधी तसा पाहिला नव्हता, नंतरही नाही. जिला कुणी न आलेला माणूस आला म्हणून सांगितलेला खपत नव्हता, तिने आणखी पुढे जाऊन मेलेले माणूस आणून उभे केले होते.

“मी भांडाय न्हाई आलो,” आबा घाईने म्हणाले. “तिचं नाव पेपरात कवा आलं न्हाई. मेली तवाबी न्हाई आलं. धा झेरॉक्स काडा. आन् ह्ये मूळ हाय त्ये कडक करून द्या. प्लास्टिकमदी.”

ताईंनी पेपरातून बातमीचे कात्रण कापून घेतले. लॅमिनेशनचे यंत्र तापलेले होते. ताई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या, कात्रण हातात, आणि ते आत सरकवेनात. मला त्यांचे ते पहिल्या दिवशीचे वाक्य आठवले. त्यांनाही आठवले असणार, पण मी ते बोलून दाखवण्याइतका शहाणा नव्हतो म्हणा किंवा मूर्ख नव्हतो.

“आबा, उद्या या,” त्या म्हणाल्या.

आबा गेल्यावर त्यांनी भर दुपारी दुकानाचे शटर ओढले, जे त्यांनी ईदखेरीज कधी ओढले नव्हते, आणि स्कूटर काढून माळवाडीला गेल्या. अडतीस घरे फिरल्या. एकोणतीस नावे बरोबर होती. उरलेल्या नऊपैकी दोघी वारलेल्या होत्या. एक नाव वेल्ह्याच्या कुणा मामांचे होते, ज्यांनी लग्नात हंडा दिला होता. एक हंडा पंगतीत बदलून आला होता आणि त्याची मूळ मालकीण कोण, हे वस्तीला दहा वर्षे शोधूनही सापडले नव्हते. एक हंडा महिला मंडळाचा होता आणि मंडळ बंद पडले होते. बाकीचे सासवांच्या नावाचे होते आणि सासवा घरात झोपल्या होत्या.

संध्याकाळी त्यांनी दुकानातून प्रसादला फोन लावला. मला ऐकू यावे म्हणून स्पीकरवर ठेवला.

“ताई, सोडून द्या,” प्रसाद म्हणाला. “ती नावं कुणी वाचत नाही.”

“ज्येंची हायेत त्ये वाचतात.”

“अहो, सोमवारी तुमचं पत्र निघणार. त्याआधी दुरुस्ती छापली तर वरचे म्हणतील, हिची पहिलीच मोठी बातमी चुकली. साहेबांचे लोक टपून बसलेत. म्हणतील, ह्यांच्या बातमीत मेलेली माणसं पाणी भरतात, मग साहेब आले नव्हते हे तरी कशावरून खरं?”

“म्हणू द्या. पण खोटं छापलंय त्ये छापलंय.”

“मग पत्र मला थांबवावं लागेल.”

“थांबवा,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग पेढ्यांचा खोका माझ्याकडे सरकवला. “ह्ये न्या काका. सध्या नको.”

मी समजूत घालायचा प्रयत्न केला. एकतीस वर्षांत आम्ही बाजारभाव दुरुस्त केले होते, परीक्षेचे निकाल दुरुस्त केले होते, गर्दी मात्र कधी दुरुस्त केली नव्हती. त्यासाठी नमुना नाही, असे मी म्हणालो. त्या म्हणाल्या, “मंग लिवते मीच.”

सकाळी आबा आले. दुरुस्ती छापून यायची आहे, हे ऐकल्यावर टोपी काढून टेबलावर ठेवली. “बाकीची काडा की. तिचं तेवढं राहू द्या. कुनाचं काय अडतंय?”

“आबा, एकाचं ठिवलं तर साहेबांचं का काडलं म्हणतील.”

“साहेब काय पाण्याला येतोय व्हय कवा?” आबा म्हणाले. “ती रोज यायची.”

 जैतूनताईंनी त्यांना चहा दिला, एक वाकडी झेरॉक्स उलटी करून घेतली आणि आबांचा चहा संपेपर्यंत काही लिहिले नाही. मग लिहिले. आबांना वाचून दाखवले. आबांनी दोनदा वाचायला लावले, टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाले, “ह्ये चालंल.”

तिसऱ्या दिवशी, आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात ती दुरुस्ती आली. माझ्याकडे तिचे कात्रण आहे.

‘माळवाडीच्या पाण्याच्या बातमीतील नऊ नावे हंड्यांवरून वाचलेली होती. ती माणसे तिथे नव्हती. चूक वार्ताहराची आहे. ते नऊ हंडे ज्यांनी भरले त्यांची नावे खाली दिली आहेत. कै. काशीबाई धोंडिबा शेडगे यांचा हंडा उपस्थित होता. तो त्यांच्या सूनबाई अलका यांनी भरून नेला.’

“कापायला घेतली होती सर,” प्रसाद मला नंतर म्हणाला. “शेवटच्या दोन ओळींपाशी हात थांबला.”

सोमवारी पत्र निघाले नाही. पुढच्याही सोमवारी नाही. पदविकेवाला मुलगा दरम्यान एका कंपनीत चिकटला, तरी नाही. जैतूनताई मात्र पत्र आल्यासारख्या हिंडत होत्या. माळवाडीची गोष्ट वस्त्यावस्त्यांत पोचली होती. नांद्यापासून लोक दुकानात येऊन म्हणू लागले, “ताई, आमच्याकडं बी या. तुमी आलात की आमी हुतो ह्ये तरी कळतं.” कार्यक्रमांच्या बातम्या प्रसादकडे त्यांच्याखेरीज कुणी देईना. शेवटी महिन्याभराने त्याने नेमणुकीचे पत्र काढले. त्यावर ‘प्रायोगिक तत्त्वावर’ असे लिहिले होते. त्याला आता चार वर्षे होतील. प्रयोग अजून चालू आहे.

आबांचे लॅमिनेशन त्यांनी पत्राची वाट न पाहता करून दिले होते. एकाच प्लास्टिकमध्ये, एका बाजूला बातमी आणि दुसऱ्या बाजूला दुरुस्ती. आबांनी ते हंड्याच्या वर भिंतीला टांगले. कोणती बाजू बाहेर आहे, असे मी ताईंना एकदा विचारले.

“मी बगितलं न्हाई,” त्या म्हणाल्या. एखादी गोष्ट त्यांनी मुद्दामच पाहिली नाही, असे तेवढे एकदाच झाले.

या नोव्हेंबरात मी पुन्हा हयातीच्या दाखल्यासाठी पौडला गेलो. दुकान आता त्यांच्या जाऊबाई पाहतात. अंगठा लावला, लाल दिवा. करंगळी लावली, लाल दिवा. यंदा करंगळीही थकली होती. जाऊबाई गोंधळल्या. तेवढ्यात जैतूनताई बाहेरून आल्या, हेल्मेट काखेत, घाईत.

“काय म्हणतंय मशीन?”

“म्हणतंय, मी नाही.”

“दर वर्सी त्येच.” त्यांनी फडके ओले केले, माझी उजवी तर्जनी पुसली, यंत्रावर दाबून धरली आणि यंत्राकडे अशा नजरेने पाहिले, की हिरवा दिवा लागला. दाखल्याची पहिली प्रत तिरकी आली, अर्धे नाव कागदाबाहेर. दुसरी नीट आली, ती त्यांनी मला दिली. तिरकी चार घड्या घालून स्वतःच्या पर्समध्ये टाकली, कोरी बाजू वर ठेवून.

“कुठे निघालात?”

“घोटवड्याला. वाचनालयाचं उद्घाटन हाय. मोठे पाहुणे हायेत.”

“येणार आहेत का?”

“निघालेत म्हणतात,” हेल्मेट चढवत त्या म्हणाल्या. “बगू की. मी हाय तितं.”

स्कूटर वळली आणि तहसील कचेरीच्या गर्दीतून वाट काढत गेली. घोटवड्याची बातमी तिसऱ्या दिवशी आली. पाहुणे आले नव्हते. वाचनालय उघडले ते समोर राहणाऱ्या आणि पुस्तके उतरवून घेतलेल्या एका आजींनी. खाली चौदा नावे होती, आणि जेवायला पिठलं होतं.